इम्प्लांट आणि स्माइल डिझाइन यांसाठी मराठी प्रतिशब्द

प्रश्न : रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकाचा मराठी अनुवाद करताना दोन संज्ञांवर अडलो आहे. ‘डेंटल इम्प्लांट’साठी ‘दंतप्रत्यारोपण’ आणि ‘डिजिटल स्माइल डिझाइन’साठी ‘संगणकीय हास्यरचना’ चालेल का?

उत्तर : ‘प्रत्यारोपण’ कृपया टाळावे. मूत्रपिंडाच्या किंवा यकृताच्या प्रत्यारोपणात जिवंत अवयव एका जागेहून दुसरीकडे नेलेला असतो, तर इम्प्लांटमध्ये जबड्याच्या हाडात बहुधा टायटॅनियमचा स्क्रू बसवतात आणि हाड त्याला घट्ट धरून वाढले की त्यावर कॅप चढवतात. शिवाय काढलेल्या दाढेच्या जागी त्याच रुग्णाची अक्कलदाढ मुळासकट बसवण्याची शस्त्रक्रियाही दंतवैद्यकात होते. खरे दंतप्रत्यारोपण ते, आणि त्याचा शब्द त्याच्यासाठीच राखून ठेवायला हवा. इम्प्लांटला ‘दंतरोपण’ म्हणावे आणि रुग्णांच्या तोंडी असलेला ‘स्क्रूचा दात’ही पत्रकात एकदा तरी यावा.

‘हास्या’त आवाज येतो, म्हणून ‘स्मित’ बरे. ‘रचना’ म्हटले की काम पूर्ण झाल्यासारखे वाटते. ब्राझीलचे दंतवैद्य ख्रिस्तियन कोचमन यांच्या नावाशी जोडलेल्या या पद्धतीत चेहऱ्याची छायाचित्रे, चित्रफिती आणि तोंडाचे स्कॅन यांच्या आधारे दातांची लांबी-रुंदी आणि हिरडीची कड आधी संगणकावर आखतात, त्यानुसार तात्पुरता नमुना रुग्णाच्या दातांवर चढवून पाहतात आणि त्याची पसंती घेतात. म्हणून मी ‘स्मित-आराखडा’ सुचवतो.

आणखी एक उत्तर : ‘आराखडा’ मलाही पटतो, कारण दंतरोपणात तो आधीच लागतो. नैसर्गिक दात तारा लावून सरकवता येतो, हाडात रुजलेला स्क्रू मात्र जागचा हलत नाही. वरचा पटाशीचा दात बसवायचा असेल, तर स्क्रूचा माथा हिरडीच्या नियोजित कडेपासून साधारण ३ ते ४ मिमी खोल आणि शेजारच्या मुळापासून किमान १.५ मिमी दूर ठेवतात. ती कडच ठरलेली नसेल, तर खोली मोजायची कुठून? यासाठी आराखडा जबड्याच्या त्रिमितीय स्कॅनवर बसवतात आणि त्यावरून स्क्रूची जागा आणि दिशा दाखवणारी, दातांवर बसणारी मार्गदर्शक पट्टी त्रिमितीय छपाईने करून घेतात.

तरीही पडद्यावर आखलेले सारे तोंडात उतरतेच असे नाही, हे पत्रकात स्पष्ट लिहावे अशी माझी आग्रहाची विनंती आहे. दोन दातांमधले हिरडीचे त्रिकोणी टोक खालच्या हाडावर अवलंबून असते. दंतवैद्य टार्नो आणि सहकाऱ्यांच्या १९९२च्या अभ्यासात नैसर्गिक दातांच्या स्पर्शबिंदूपासून हाडापर्यंतचे अंतर ५ मिमी किंवा कमी असताना दातांमधली फट हिरडीने जवळजवळ नेहमी भरलेली आढळली, तर ६ मिमी असताना सुमारे निम्म्याच ठिकाणी.

जाता जाता एक सूचना : हसताना वरचा ओठ जिथवर चढतो ती ‘स्मितरेषा’ आणि वरच्या दातांच्या कडांची, खालच्या ओठाला समांतर जाणारी ती ‘स्मितकमान’, दोन्हींना एकच शब्द वापरू नये.