मदत हवी आहे: बिलाच्या सॉफ्टवेअरमधून मेल जात नाही, हातानं जातो

साचा_आणि_वाळू: कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे. बिल सेव्ह झालं की सॉफ्टवेअर एक शेल स्क्रिप्ट (कमांड लिहिलेली फाइल) चालवतं, ती पीडीएफ जोडून पार्टीला मेल करते. आता जात नाही. तीच स्क्रिप्ट मी टर्मिनलवर चालवली की लगेच जातो. सॉफ्टवेअरवाला म्हणतो आमच्याकडून ओके आहे. पुण्याची पार्टी बिल नाही म्हणून पेमेंट अडवून बसलीय. लवकर सांगा.

काळी_खिडकी: एरर काय? लिनक्स कुठलं? मेल पाठवायचा प्रोग्राम कुठला, मेलएक्स (mailx) की एमएसएमटीपी (msmtp)?

साचा_आणि_वाळू: एरर नाही. ‘मेल पाठवला’ असंच येतं. एमएसएमटीपी.

जुना_जाणता: जीमेल असणार. 2022 च्या मे अखेरीस गूगलनं साध्या पासवर्डचं लॉगिन बंद केलं. टू-स्टेप चालू करा, गूगल प्रोग्रामसाठी वेगळा देतं तो 16 अक्षरी ॲप पासवर्ड काढा.

काळी_खिडकी: अहो, हातानं जातोय म्हणतायत ना ते! पासवर्डचा घोळ असता तर तसाही गेला नसता.

जुना_जाणता: तरी काढून ठेवावा.

उद्यमनगरी: मुळात शेल स्क्रिप्टच कशाला? पार्टीच्या नावात ‘&’ आलं आणि ते नाव कोट्सशिवाय थेट कमांडमध्ये चिकटवलेलं असलं, तर शेल तिथंच कमांड तोडतं. कुणी नावात मुद्दाम काही घुसडलं तर तेही चालवून टाकेल. पायथनमध्ये लिहून घ्या. मी देतो करून.

साचा_आणि_वाळू: राव, मला नवीन काही बनवायचं नाही. गेल्या आठवड्यापर्यंत हेच चालत होतं.

काळी_खिडकी: गेल्या आठवड्यात काय बदललं?

साचा_आणि_वाळू: सर्व्हर नवीन घेतला. त्याचा काय संबंध? स्क्रिप्ट तीच आहे.

काळी_खिडकी: हे पहिल्या ओळीत सांगायचं की हो भावा! सॉफ्टवेअर आता सर्व्हिस म्हणून दुसऱ्या युझरच्या नावानं चालत असणार. एमएसएमटीपीची सेटिंग तुमच्या होम फोल्डरमध्ये आहे, त्या युझरला ती सापडत नाही. आणि स्क्रिप्टची शेवटची ओळ काय आहे?

साचा_आणि_वाळू: तात्पुरती पीडीएफ डिलीट करायची.

काळी_खिडकी: झालं. स्क्रिप्टचा निकाल म्हणजे शेवटच्या कमांडचा निकाल. डिलीट नीट झालं, म्हणून सॉफ्टवेअरला वाटतं मेल गेला. मेलच्या ओळीपुढं >> लॉगफाइल 2>&1 लावा, म्हणजे एरर त्या फाइलमध्ये लिहिली जाईल, आणि सॉफ्टवेअरमधूनच एक बिल सोडा.

पंचगंगा_काठ: नवीन सर्व्हर तळमजल्यावर नाही ना ठेवला? 2019 ला शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली होता. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका. आमचा यूपीएस तेव्हाच गेला.

उद्यमनगरी: आता पुराचं काय मध्येच?

साचा_आणि_वाळू: वरच्या मजल्यावर आहे. लॉगमध्ये ‘अकाउंट डिफॉल्ट नॉट फाउंड’ आलं, पुढं कॉन्फिगरेशन फाइल नाही असं काहीतरी.

काळी_खिडकी: तेच. सेटिंगची फाइल त्या युझरच्या मालकीची करून वेगळी ठेवा, परमिशन 600, म्हणजे फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल. पासवर्ड आत असताना ती इतरांना वाचता आली तर एमएसएमटीपी अडून बसतं. स्क्रिप्टमध्ये एमएसएमटीपीच्या --file पर्यायानं तिचा पूर्ण पाथ द्या. मेलचा निकाल व्हेरिएबलमध्ये धरा आणि शेवटी त्यानंच एक्झिट करा, नाहीतर पुढच्या वेळीही ‘पाठवला’च दिसेल.

उद्यमनगरी: पायथनमध्ये हे सगळं लागलंच नसतं.

काळी_खिडकी: पासवर्ड होम फोल्डरमधूनच वाचला असता तर पायथनही तिथंच अडकलं असतं.

साचा_आणि_वाळू: गेला! पण पार्टी म्हणते स्पॅममध्ये पडला.

काळी_खिडकी: स्वतःच्या डोमेनवरून जातो का? एसपीएफ रेकॉर्ड आहे, म्हणजे तुमच्या डोमेनच्या नावानं कुठल्या सर्व्हरनं मेल पाठवायचा ती नोंद?

साचा_आणि_वाळू: ते उद्या बघू. त्यांच्या अकाउंटंटला फोन लागलाय.