न्यूट्रल नसलेल्या थ्री फेज मोटरला आरसीसीबी: टेस्ट बटण मेलेलं आणि स्टार्ट दाबताच ट्रिप

लेथवाला:
लेथची ५.५ किलोवॅटची मोटर, डेल्टात जोडलेली. केबलमध्ये तीन फेज आणि अर्थ, बस्स. बोर्ड बदलताना चार पोलचा ४० अँपिअर, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (लीकेज, म्हणजे अर्थकडे पळणारा करंट, दिसला की सप्लाय तोडणारा स्विच) बसवला. N (न्यूट्रल) ची दोन्ही टर्मिनलं रिकामी ठेवली, मोटरला न्यूट्रल लागतोय कशाला! आता टेस्ट बटण कितीही दाबा, ढिम्म हलत नाही. आणि स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं की कॉन्टॅक्टर (मोटरला सप्लाय जोडणारा, कॉइलवर चालणारा स्विच) 'टक्' करतो न करतो तोच आरसीसीबी पडतो. मोटरला गुरगुरायलाही सवड नाही. एक जुने वायरमन म्हणाले, "न्यूट्रलशिवाय हे चालतच नाही, काढून टाका." मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लावून पाहिला, ५०० व्होल्टवर मोटर १०० मेगओमच्या वर. मग लीकेज येतंय कुठून?

मेगरवाला:
वायरमनकाकांचं अर्धंच खरं. आरसीसीबीच्या आतल्या कोअरमधून (चुंबकी कड्यातून) तिन्ही फेज एकत्र जातात. एका फेजमधून १० अँपिअर आत जात असतील, तर त्याच क्षणी बाकीच्या दोघींतून मिळून १० बाहेर येतात. बेरीज शून्य. फेजवर कमीजास्त लोड असला तरी शून्यच, कारण परतायला दुसरी वाटच नाही. बेरीज बिघडते ती करंट अर्थकडे पळाला की. म्हणजे संरक्षण न्यूट्रलशिवायही मिळतं. (इलेक्ट्रॉनिक प्रकारचा असेल तर गोष्ट वेगळी, त्याच्या सर्किटलाच सप्लाय लागतो.) बटणाचं म्हणाल तर बहुतेक चार पोलच्यात टेस्टचा रेझिस्टन्स एक फेज आणि N यांच्यामध्ये असतो. N कोरडा, मग बटण काय करणार?

जुगाडू:
N टर्मिनलला अर्थ जोडा. बटण लगेच चालेल, मी केलंय.

मेगरवाला:
कृपा करून हे काढा. उद्या अर्थची वायर मध्येच कुठे तुटली, तर बटण दाबताच रेझिस्टन्समधून का होईना, मशीनची बॉडी फेजला जोडली जाईल. आणि बटण दाबणाऱ्याचा दुसरा हात बहुधा मशीनवरच असतो.

पॅनेलकर:
लेथवाला, कॉन्टॅक्टरची कॉइल किती व्होल्टची? आणि तिचा न्यूट्रल कुठून घेतलाय?

लेथवाला:
कॉइल २३० ची. फेज आरसीसीबीच्या खालून, न्यूट्रल सरळ न्यूट्रल बारवरून. मोटरचा नाही ना तो, म्हणून.

पॅनेलकर:
सापडला चोर. कॉइलचा करंट कोअरमधून जातो आणि बाहेरच्या वाटेने परततो. आरसीसीबीच्या लेखी तो लीकेजच. १० व्हीएची (व्होल्ट-अँपिअरची) कॉइल ओढून धरताना ४३ मिलिअँपिअर घेते, आणि ओढतानाचा झटका त्याच्या कितीतरी पट. ३० चा टिकेल कसा? बारवरून न्यूट्रल आरसीसीबीच्या वरच्या N ला आणा, कॉइलचा न्यूट्रल खालच्या N वरून घ्या, बारवरची जुनी तार पूर्ण काढा. आणि आरसीसीबीच्या खाली हा न्यूट्रल कुठेही अर्थला टेकू देऊ नका. बटणही आपोआप जिवंत होईल. जिथे न्यूट्रल मुळीच नसतो तिथे कॉइल दोन फेजवरची घ्या किंवा कंट्रोल ट्रान्सफॉर्मर लावा. अशा वेळी बटणासाठी फेज आणि N मध्ये जम्पर (जोडतार) मारायचा का, हे त्या आरसीसीबीच्या पत्रकातच बघा. २३० साठीच्या रेझिस्टन्सवर ४०० आले तर तो जळू शकतो.

लेथवाला:
तार बदलली. टेस्ट बटणाला खाडकन पडला, उचलला, मोटर चालू. अर्धा तास फिरतेय. पुढे व्हीएफडी (मोटरचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह) लावायचा विचार आहे, हाच चालेल ना?

पॅनेलकर:
थ्री फेज व्हीएफडीच्या फॉल्टमध्ये सपाट डीसी येऊ शकतो, तो एसी टाइपच्या आरसीसीबीला दिसत नाही, ए टाइपलाही नाही. बी टाइप घ्या. त्यातून व्हीएफडीच्या फिल्टरचं लीकेज ३० मिलिअँपिअरच्याला पाडू शकतं, व्हीएफडीच्या पुस्तकात तो आकडा आधी बघा. आणि ओव्हरलोड रिले (मोटरने जास्त करंट ओढला की तिला बंद करणारा) काढू नका. एक फेज गेला तरी बेरीज शून्यच राहते, आरसीसीबी मोटर जळताना शांत बसून बघेल.

लेथवाला:
रिले आहे, ११ अँपिअरवर सेट. वायरमनकाकांना फोन लावतो.