मदत हवी आहे: सेमीफायनलची होम मॅच आधी घ्यावी की नंतर?

मधली_फळी

नमस्कार मंडळी, फुटबॉलवाले कोणी असाल तर जरा डोकं लावा, बुधवारी रात्रीपर्यंत आयोजकांना उत्तर द्यायचंय. पुण्यात आमची एक हौशी लीग आहे, अकरा-अकराची, बहुतेक आयटीतली आणि कॉलेज संपलेली पोरं, रविवारी सकाळी मॅचेस. मी खेळत नाही, टीमचं बाकीचं सगळं बघतो. तर यंदा आम्ही टेबलात दुसरे आलो आणि सेमी तिसऱ्या नंबरवाल्यांशी आहे, दोन मॅचेस, एक आमच्याकडे एक त्यांच्याकडे, दोन्हीचे गोल मिळून निकाल. आयोजकांनी नवीनच काढलंय की जी टीम वर आली तिने स्वतः ठरवायचं घरची मॅच आधी हवी की नंतर. तेव्हापासून ग्रुपवर नुसती भांडणं चाललीयत.

माहिती देतो. तारखा ३१ मे आणि ७ जून. अवे गोलचा नियम (बरोबरी झाली तर पाहुण्या ग्राउंडवर जास्त गोल मारणारा पुढे) नाही. बरोबरी झाली तर दुसऱ्या मॅचच्याच ग्राउंडवर दहा-दहा मिनिटं एक्स्ट्रा टाइम आणि मग पेनल्टी. आमचं ग्राउंड चिंचवडच्या बाजूला, मातीचं, टणक, बॉल कसाही उसळतो पण आम्हाला सवय आहे. त्यांचं बाणेरकडे टर्फ, आमच्यापेक्षा लहान, ते छोटे छोटे पास देत खेळतात आणि तिथे त्यांना पकडणं अवघड जातं. लीगमध्ये आमच्याकडे आम्ही जिंकलो, त्यांच्याकडे ते. आमचा मेन स्ट्रायकर ३१ तारखेला नाहीये, सख्ख्या बहिणीचं लग्न आहे सांगलीला, त्यामुळे त्याला काही बोलताही येत नाही.

बहुतेक पोरं म्हणतायत दुसरी घरी घ्या, चॅम्पियन्स लीगमध्ये पण वरच्या टीमला दुसरी घरी देतात म्हणजे काहीतरी असेलच ना. एकटा कीपर उलट म्हणतोय, आधी घरी दोन गोल मारून ठेवा, मग तिकडे सगळे मागे बसू. मला दोघांचं पटतंय हाच प्रॉब्लेम आहे.

नारायणपेठी

दुसरी घरी. यात विचारायचं काय आहे?

म्हापसेकर

मी एफसी गोवाचा फॅन, म्हणजे या विषयावर बोलायचा मला जरा जास्तच अधिकार आहे असं समजा. २०२४ ची आयएसएल (इंडियन सुपर लीग) सेमी, मुंबई सिटी आमच्या वर दुसऱ्या नंबरला, आम्ही तिसरे, म्हणून पहिली मॅच आमच्याकडे फातोर्ड्याला. बोरिस सिंगचा एक, ब्रँडनचा एक, नव्वदाव्या मिनिटापर्यंत दोन-शून्यने पुढे. लोक दुसऱ्या मॅचला मुंबईला कसं जायचं ते ठरवत होते. आणि मग मुंबईचे छांगते, विक्रम प्रताप, परत छांगते, सात-आठ मिनिटांत तीन गोल, २-३ ने हरलो. पाच दिवसांनी अंधेरीत अजून दोन खाल्ले. म्हणजे तुमच्या कीपरची आयडिया "आधी घरी मारून ठेवू" ही आम्ही जवळजवळ पूर्ण केलेली होती.

तर तुम्ही म्हणाल मग दुसरी घरी बरी. थांबा. २०२५ ला आम्ही दुसरे आलो, थेट सेमी, दुसरी मॅच फातोर्ड्याला. पहिली बेंगळुरूत २-० ने गेली. घरी बोर्हाने एक मारला, ८८ व्या मिनिटाला सादिकूने दुसरा, बरोबरी, स्टेडियम डोक्यावर घेतलेलं, आता एक्स्ट्रा टाइम आमच्याच ग्राउंडवर. ९२ व्या मिनिटाला बेंगळुरूच्या छेत्रीने हेडर मारला आणि संपलं. दोन्ही ऑर्डर करून बघितल्या राव, दोन्हीत रडलो.

अंधेरी_लोकल

म्हापसेकर, तुमच्या दुःखात सहभागी आहे, त्या २-३ च्या रात्री मात्र मी नाचत होतो 🙏

पण आमचंही ऐका. २०२२-२३ ला मुंबईने लीग शील्ड जिंकली, टेबलात पहिले, आणि तरी सेमीची पहिली मॅच अंधेरीत ठेवलेली, दुसरी बेंगळुरूत. त्या वर्षी हैदराबादचंही तसंच, वर येऊनही पहिली घरी. घरी छेत्रीने मारला (हा माणूस प्रत्येक गोष्टीत आहे), ०-१. तिकडे जाऊन आम्ही २-१ ने जिंकलो, एकूण २-२, आणि मग एक्स्ट्रा टाइम कुठे? कांतीरवा स्टेडियमवर. पेनल्टी कुठे? तिथेच, त्यांच्या लोकांसमोर. ९-८ ने गेली. हैदराबाद पण कोलकात्यात पेनल्टीवरच बाहेर. पुढच्या वर्षी वर आलेल्या टीमला दुसरी मॅच घरी मिळाली आणि मुंबई, मोहन बागान दोघेही फायनलला. दोन-चार मॅचेसवरून काही सिद्ध होत नाही हे कळतं मला, पण पेनल्टी स्वतःच्या ग्राउंडवर असलेली कधीही बरी.

आकडेमोड

थोडं आकड्यांचं बोलतो, कारण "चॅम्पियन्स लीगमध्ये देतात म्हणजे फायदा असेलच" या वाक्यात गडबड आहे. तिथे दुसरी मॅच घरी कोणाला मिळते? पूर्वी ग्रुपमध्ये पहिल्या आलेल्यांना, २०२४-२५ च्या नव्या फॉरमॅटपासून राउंड ऑफ सिक्स्टीनला टेबलातल्या पहिल्या आठ जणांना. म्हणजे मुळातच ज्या टीम चांगल्या त्यांना. त्या जास्त वेळा पुढे जाणारच, त्यांना चंद्रावर खेळवलं तरी. म्हणून नुसतं "दुसरी घरी असलेले किती जिंकले" मोजून उत्तर मिळत नाही. १९५५ पासूनच्या पन्नास वर्षांच्या युरोपियन कप मॅचेसवर २००७ साली एक अभ्यास आला होता, त्यात दुसरी घरी असणारे निम्म्याहून जास्त वेळा पुढे गेलेले दिसले, पण तो फायदा काळाबरोबर कमी होत गेलेला. २०११ ला चॅम्पियन्स लीगच्या नॉकआउटवर दुसरा अभ्यास आला, त्यात टीमची ताकद हिशोबात धरली की मग मॅचच्या क्रमाचा म्हणावा असा फरक उरला नाही.

घरच्या मैदानाचा फायदाच मुळात आटत चाललाय. यूएफाने (युरोपियन फुटबॉलची संघटना) जून २०२१ मध्ये अवे गोलचा नियम काढला (१९६५ पासून होता) तेव्हा त्यांनीच आकडे दिले होते, सत्तरच्या दशकाच्या मध्यात घरची टीम ६१ टक्के मॅचेस जिंकायची आणि पाहुणी १९ टक्के, २०२१ पर्यंत ते ४७ आणि ३० वर आलेलं.

आता तुमच्या केसमध्ये अवे गोल नाही, हे महत्त्वाचं. तो नियम असताना दुसऱ्या मॅचचा एक्स्ट्रा टाइम म्हणजे पाहुण्यांना अवे गोल मारायला तीस मिनिटं फुकटची जास्त मिळायची, घरच्या टीमने एक खाल्ला की दोन मारायला लागायचे. तो नियम गेल्यावर एक्स्ट्रा टाइम हा सरळसरळ यजमानांचा झाला. म्हणजे दुसरी घरी घेण्याचा खरा फायदा इतकाच की बरोबरी झाली तर वरची वीस मिनिटं आणि पेनल्टी तुमच्याकडे. बरोबरी किती वेळा होते? दर वेळी नाही. त्यामुळे फायदा आहे पण छोटा, आणि तुमच्या लीगमध्ये ग्राउंड, पाऊस, कोण हजर कोण गैरहजर या गोष्टी त्याच्या कितीतरी पट मोठ्या आहेत. त्यावर ठरवा.

नारायणपेठी

एवढं लिहून शेवटी दुसरी घरीच ना.

आकडेमोड

वाचलं असतंत तर बरं झालं असतं.

रंकाळा_कट्टा

आम्ही कोल्हापूरकर, आमच्याकडे सगळ्या तालमींच्या मॅचेस शाहू स्टेडियमवरच, होम नाही नि अवे नाही, पेठेतली माणसं जिकडे जास्त बसतील ती बाजू होम. त्यामुळे ऑर्डरचं ज्ञान मी देत नाही. पण एक विचारतो भावा. ७ जूनला पाऊस आला तर तुमच्या त्या मातीच्या ग्राउंडचं काय होतं? आणि मॅच होऊ शकली नाही तर पुढे ढकलतात का दुसरीकडे नेतात? हे नियमात बघ आधी, बाकीचं नंतर. गेल्या वर्षी २६ मे लाच मान्सून पुण्यात पोचलेला, विसरलास काय?

मधली_फळी

आईशप्पथ, हे कोणीच बोललं नव्हतं. पाऊस आला तर आमच्याकडे चिखल, पेनल्टी बॉक्सच्या पुढे तर तळंच होतं, बॉल पडला की तिथेच थांबतो. एक जण ग्रुपवर म्हणत होता चिखल झाला तर आपलाच फायदा, त्यांचे छोटे पास बंद होतील. नियमाचं विचारून सांगतो.

जर्सीसिटी_मराठी

हवामानावरून आठवलं. मी इकडे न्यू जर्सीत. एमएलएसमध्ये (इकडची फुटबॉल लीग) तेव्हा कॉन्फरन्स सेमी दोन मॅचेसची असायची. २०१२ ला रेड बुल्स विरुद्ध डीसी युनायटेड, डीसी वरचे, म्हणून पहिली आमच्याकडे हॅरिसनला आणि दुसरी वॉशिंग्टनला ठरलेली. ऑक्टोबरच्या शेवटी सँडी वादळ आलं, इकडे सगळं ठप्प, मग मॅचेसची अदलाबदल केली, पहिली वॉशिंग्टनला, दुसरी हॅरिसनला. म्हणजे खालच्या टीमला काही न करता दुसरी मॅच घरी मिळाली. पहिली १-१. दुसरीच्या दिवशी बर्फ पडला, ग्राउंड झाडायला खोरी घेऊन माणसं उतरली, शेवटी मॅच दुसऱ्या दिवसावर गेली. आणि त्यात डीसीचा कीपर रेड कार्ड घेऊन बाहेर, दहा जणांवर खेळले, तरी ८८ व्या मिनिटाला डिलिऑनने गोल मारून तेच गेले पुढे. सांगायचा मुद्दा, तुम्ही कागदावर काहीही निवडा, वातावरण वाईट असेल तर कोणाला कुठे खेळायला लागेल ते आयोजक ठरवतात.

म्हापसेकर

चिखलाचा फायदा वगैरे बोलणाऱ्याला एकदा विचारा त्याने चिखलात डिफेन्स खेळलाय का. वळताना पाय सरकतो, पुढच्याला फक्त बॉल पुढे ढकलायचा असतो. गोव्यात जून-जुलै काढलाय मी, चिखलात चांगली टीम जिंकते असं नाही आणि वाईट जिंकते असंही नाही, जो कमी घसरतो तो जिंकतो. तुम्ही वर आलेले आहात, तुम्हाला लॉटरी कशाला हवी?

मधली_फळी

आयोजकांशी बोललो. नियमावलीत लिहिलेलंच होतं खाली, ग्राउंड खेळण्यासारखं नसेल तर मॅच पुढे जात नाही कारण फायनलची तारीख आणि रेफरी बुक झालेत, ती त्याच दिवशी दुसऱ्या टीमच्या ग्राउंडवर होणार. म्हणजे आम्ही दुसरी घरी घेतली आणि ६ तारखेला रात्रभर पाऊस लागला तर दोन्ही मॅचेस बाणेरच्या टर्फवर!! उलट ३१ ला घरी घेतली आणि पाऊस आला तर पण तेच म्हणा, पण आदल्या आठवड्यात शक्यता कमी. आणि ७ जूनला त्यांच्याकडे टर्फच असल्यामुळे तिथे काही प्रश्नच नाही.

आता अडकलंय ते स्ट्रायकरवर. तो नसताना घरची मॅच वाया घालवायची का? पोरं म्हणतायत घरी तोच गोल मारतो.

आकडेमोड

हे बघा, तो एका मॅचला नाहीच आहे, ऑर्डर कुठलीही घ्या. प्रश्न एवढाच की तो कुठे जास्त लागेल. तो उंच आहे, लांब बॉलवर पळतो, की पायात बॉल घेऊन खेळतो?

मधली_फळी

पायात घेऊन. आमच्या ग्राउंडवर अर्धा वेळ बॉल उसळला म्हणून वैतागलेला असतो. लीगमध्ये त्यांच्याकडे हरलो तेव्हा आमचा एकमेव गोल त्याचाच होता.

आकडेमोड

मग तुम्हीच उत्तर दिलंत की. टर्फवर त्याला न्या.

अंधेरी_लोकल

माझं मत मी बदलतो. पेनल्टी घरी असणं छान, पण घरच राहील की नाही याचीच खात्री नसेल तर काय उपयोग. पहिली घरी घ्या. फक्त एक्स्ट्रा टाइम त्यांच्याकडे आहे हे लक्षात ठेवून बेंचवर दोन ताजी माणसं शेवटपर्यंत राखून ठेवा, हौशी लीगमध्ये नव्वद मिनिटांनंतर ज्याला पळता येतं तोच हिरो.

रंकाळा_कट्टा

आणि घरी पहिल्या मॅचला उगाच अंगावर धावून जाऊ नका. अवे गोल नाही म्हटल्यावर घरी ०-० आणि १-१ दोन्ही सारखेच, जुन्या काळासारखं घरी गोल खाल्ला म्हणून घाबरून जायचं कारण नाही, तसंच १-० ने पुढे असताना दुसऱ्यासाठी सगळे वर गेले आणि मागे कोण नाही असंही नको. म्हापसेकरांची २-३ आठवा. १-० घेऊन गेलात तरी मटण माझ्याकडून.

म्हापसेकर

माझी २-३ आता उदाहरण म्हणून कायमची वापरणार आहात का सगळे?

रंकाळा_कट्टा

होय.

मधली_फळी

ठरलं, ३१ ला घरी. आत्ताच मेल टाकला आयोजकांना. कीपर ग्रुपवर असा मिरवतोय जसं काही हे सगळं त्यानेच शोधून काढलं, त्याचं कारण वेगळंच होतं पण असू दे. स्ट्रायकर म्हणतोय लग्नाच्या मांडवातून स्कोअर विचारत राहीन.

रंकाळा, १-० चं मटण लिहून ठेवलंय. बाकी कोणाला ३१ ला सकाळी यायचं असेल तर मेसेज करा, ग्राउंडचा पत्ता पाठवतो, टोपी आणि पाणी आपापलं आणा, सावलीला एकच झाड आहे आणि ते पाहुण्यांच्या बेंचवर आहे.

नारायणपेठी

पहिली घरी?? वरून परत वाचतो.