मदत हवी आहे : 'स्कार्पर' हा शब्द यमकातून आला की इटालियनमधून?

नमस्कार मंडळी,

पूर्व लंडनमधल्या एका वृद्धाश्रमात मी काम करते. मागच्या आठवड्यात बेथनल ग्रीनमध्ये वाढलेले एक आजोबा म्हणाले, "माय प्लेट्स आर किलिंग मी." मी समोरचं ताट उचललं, तर त्यांनी सुजलेल्या पावलांकडे बोट दाखवलं. इथल्या जुन्या कॉकनी यमकी बोलीत शब्दाऐवजी त्याच्याशी यमक जुळणारा शब्दसमूह वापरतात. 'फीट'शी, म्हणजे पावलांशी, यमक जुळतं 'प्लेट्स ऑफ मीट'चं, आणि बोलताना नेमका तो 'मीट'च गाळायचा! मग बाहेरच्या माणसाला पत्ता कसा लागणार? 'यूज युअर लोफ' म्हणजे डोकं चालव, तेही असंच. लोफ ऑफ ब्रेड, हेड.

तेव्हापासून वही घातली आहे. आजोबा सांगतात, मी लिहून घेते. हे शब्द सहज बोलणारे आश्रमात आता तिघंच आहेत, म्हणून चुकीचं काही उतरवायचं नाही.

अडलंय 'स्कार्पर'पाशी. अर्थ, धूम ठोकणं. आजोबा म्हणतात, ऑर्कनी बेटांतलं आरमारी बंदर 'स्कापा फ्लो' आणि 'गो' यांचं हे यमक. लेकीच्या शब्दकोशात मात्र इटालियन 'स्कापारे', म्हणजे पळून जाणं, असं दिलंय. खरं कुठलं धरू? आणि असं ठरवतात तरी कसं?

प्रतिसाद १

ताई, शब्द छापील मजकुरात पहिल्यांदा कधी दिसतो ते आधी बघायचं. 'स्कार्पर' १८४०च्या दशकातच सापडतो. स्कापा फ्लो लंडनकरांच्या तोंडी बसलं ते पहिल्या महायुद्धात, ब्रिटिश आरमाराचा मुख्य तळ तिथे गेल्यावर. तेव्हा मूळ इटालियनच धरा. खेळवाले आणि फेरीवाले यांच्या बोलीत इटालियन शब्द भरपूर होते.

पण आजोबांचं यमक खोडू नका. जुन्या शब्दाला लोकांनी नवं यमक जोडलं, हीही त्या शब्दाचीच हकीकत आहे. जॉन कॅम्डन हॉटन यांच्या १८५९च्या कोशात यमकी शब्दांची वेगळी यादी आहे, तीही वहीशेजारी ठेवा.

धागाकर्ती

मनापासून आभार! दोन्ही लिहिते, आधी इटालियन, खाली आजोबांचं. त्यांचे वडील आरमारात होते. स्कापा फ्लोची गोष्ट त्यांच्याकडूनच ऐकली का, ते उद्या चहाच्या वेळी विचारते.