कैद्यांना समोरच्याचं मन वाचता येतं का, हे तपासावं का?

रंकाळाकाठ: कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात नवा कैदी आला की वैद्यकीय तपासणी होते. पण समोरच्याच्या चेहऱ्यावरची भीती त्याला ओळखता येते का, चेष्टा कुठली आणि धमकी कुठली हे कळतं का, तेही बघायला हवं. 'माझ्याकडं रागानं का बघितलास' एवढ्यावरून आपल्याकडं डोकी फुटतात. डोक्याला जुना मार असला तर भावना ओळखणं जड जातं, आणि तुरुंगात अशी माणसं बाहेरच्यापेक्षा जास्त सापडतात. त्रास कळला तर सरावानं फरक पडू शकतो. माझं मत: चाचणी घ्यावीच.

पंचगंगा_घाट: कशानं घेणार? ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ सायमन बॅरन-कोहेन यांची, डोळे बघून मनातलं ओळखायची चाचणी सगळ्यात गाजलेली. २००१ च्या सुधारित चाचणीत ३६ फोटो आहेत, नुसते डोळे. प्रत्येकाला चार शब्द, त्यातला एक निवडायचा. फोटो तिकडच्या मासिकांतले. गगनबावड्याकडचा, चौथीत शाळा सोडलेला गडी चुकला तर त्याला माणसं कळत नाहीत म्हणायचं, की तो शब्दच त्याच्या ओळखीचा नव्हता? शिवाय लबाड माणसाला दुसऱ्याचं मन फार छान वाचता येतं, म्हणून तर तो फसवू शकतो. मन ओळखणं वेगळं, त्याची कणव येणं वेगळं.

कोर्टाच्या_पायरीवरून: माझा विरोध संमतीवरून आहे. २०१० च्या सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग या चौकशीतल्या चाचण्या सक्तीनं करायला मनाई केली. बराकीतला माणूस साहेबांना 'नको' म्हणेल का? त्यात २०२२ अखेर देशातले सुमारे ७५ टक्के कैदी कच्चे होते, म्हणजे गुन्हा शाबीत न झालेले. १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. त्या लोकांना सरकारदरबारी हजेरी लावावी लागायची; ती हजेरी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानात बंद केली. त्याच कोल्हापुरात नवा शिक्का नको.

रंकाळाकाठ: शिक्का मारा असं मी म्हणतच नाही. फोटोंऐवजी इथल्या बोलीतले छोटे प्रसंग वाचून दाखवा, बिनशिकलेल्यालाही जमतील असे. निकाल समुपदेशकाकडंच राहू दे. पण काहीच न तपासता सोडलं, तर तोच माणूस त्याच गल्लीत, त्याच भांडणात परत जातो. त्याची बायकापोरं तिथंच असतात हो!

कोर्टाच्या_पायरीवरून: मग आधी नियमात लिहून घ्या, की हा निकाल जामीन, पॅरोल किंवा सुटकेच्या कागदांना कधीच जोडला जाणार नाही, आणि नकार देणाऱ्याची एकही सवलत कापली जाणार नाही. तोवर माझा विरोध कायम.