‘रेक्विएम फॉर अ ड्रीम’ : पाहताना आणि पाहून झाल्यावर

ह्युबर्ट सेल्बी ज्युनिअर यांच्या १९७८ च्या कादंबरीवरून डॅरेन ॲरोनॉफ्स्की यांनी २००० साली केलेल्या या चित्रपटाविषयी ‘उत्तम आहे, पण पुन्हा पाहणार नाही’ असे इतक्या जणांकडून ऐकले आहे की प्रत्येकाचे नेमके काय झाले होते, हे जाणून घ्यावेसे वाटते. परीक्षण नको आहे. कोणत्या प्रसंगी नजर फिरवली, काय डोक्यातून गेले नाही, कादंबरी वाचली असल्यास आधी की नंतर, हे स्वतःपुरते लिहावे. कथेचा शेवट येथे उघड होणार आहे, याची नोंद घ्यावी.

*

मी नजर फिरवली ती हेरॉइनच्या आहारी गेलेल्या हॅरीच्या दंडापाशी. सडू लागलेल्या त्याच जागी तो पुन्हा सुई खुपसतो, तेव्हा माझा हात आपोआप कोपरात मिटला. मारधाडीचे चित्रपट मी निवांत पाहू शकतो. येथे मात्र आपले काय होत आहे हे त्याला दिसत असूनही तो थांबत नाही, हे सोसवेना. कादंबरी वाचलेली नाही आणि वाचणारही नाही.

*

मी फार्मासिस्ट आहे, त्यामुळे असेल, पण हॅरी, त्याची मैत्रीण मॅरियन आणि मित्र टायरोन यांच्या हेरॉइनपेक्षा हॅरीची आई सारा हिच्या वजन घटवण्याच्या गोळ्यांनी मला अधिक छळले. दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमात आपल्याला बोलावणार, असा एक फोन येतो आणि मुलाच्या पदवीदान समारंभाला घातलेला लाल पोशाख पुन्हा अंगात बसावा म्हणून ही एकटी विधवा बाई डॉक्टरकडे जाते. तो डॉक्टर तिच्याकडे धड पाहतही नाही. सकाळची जांभळी, रात्रीची हिरवी, अशी गोळ्यांची वेळापत्रके ती शाळकरी मुलीसारखी पाळते, आणि फ्रिज हलतो आहे असे सांगायला गेल्यावर तिच्या हाती पडते ती आणखी एक चिठ्ठी. चौघांपैकी सांगितलेले सगळे ऐकणारी ती एकटीच आहे, आणि तिची गत कुणाहून कमी वाईट होत नाही.

त्यातही एक प्रसंग विसरता येत नाही. हॅरी आईला नवा टीव्ही घेतल्याची बातमी द्यायला येतो आणि बोलता बोलता तिचे दात करकर वाजताना ऐकतो. ती काय घेत आहे, हे त्याला ताबडतोब कळते, कारण त्या खोलीत ते कळू शकणारा तोच आहे. मग ती सांगते की नवरा गेला, मुलगा दूर गेला, करायचे कुणासाठी. या पोशाखामुळे निदान सकाळी उठायला काही कारण आहे. एलन बर्स्टिन यांना या भूमिकेसाठी ऑस्करचे नामांकन मिळाले होते. या स्वगताच्या वेळी छायालेखक मॅथ्यू लिबाटिक यांचे डोळे भरून आले आणि चौकट किंचित सरकली, असे दिग्दर्शकांनी सांगितले आहे, आणि तेच चित्रण चित्रपटात ठेवलेले आहे. हॅरी सारे ऐकून घेतो, आईला जवळ घेतो आणि निघून जातो. मला राग आला तो तेथे, शेवटच्या भयंकर भागात नव्हे.

*

मला राग आला तो नेमका शेवटच्या भागाचाच. साराला दिलेले विजेचे झटके, हॅरीचा कापलेला हात, टायरोनचा तुरुंग आणि मॅरियनची विटंबना हे सारे एकमेकांत इतक्या वेगाने कापून जोडले आहे की कुणासाठी हळहळायलाही फुरसत मिळत नाही. अमेरिकेतील मानांकन मंडळाने सर्वांत कडक प्रमाणपत्र दिल्यावर काटछाट न करता चित्रपट प्रमाणपत्राविनाच प्रदर्शित केला गेला, हे धाडस म्हणून सांगितले जाते. ते असेलही, पण प्रेक्षकाला बुकलून काढणे म्हणजे त्याला काही समजावणे नव्हे. मी कादंबरी आधी वाचली होती. ती तितकीच निर्दय आहे, पण तिच्यात सारा अधिक बडबडी आहे आणि तिच्या बडबडीला मी अनेकदा हसले होते. चित्रपटात हसण्याची जागा फार लवकर संपते.

*

वरील मताशी मी अर्धाच सहमत आहे. सेल्बी अवतरणचिन्हे वापरत नाहीत, संवाद आणि मनातले विचार एकाच परिच्छेदात वाहत राहतात आणि कोण बोलत आहे हे वाचकाने सुरावरून ओळखायचे असते. दम लागतो तो कादंबरीतही. साधारण शंभर मिनिटांत दोन हजारांच्या आसपास कट करणाऱ्या चित्रपटाने त्याच दमछाकीला पडद्यावरचा पर्याय शोधला आहे, असे मला वाटते. मला स्वतःला मात्र सर्वांत जास्त त्रास क्लिंट मॅन्सेल यांच्या संगीताचा झाला. ती धून नव्या वाद्यमेळात जाहिरातींमधून आधी ऐकलेली होती आणि वीरश्रीची वाटत असे. आता ती कुठेही लागली की मी आवाज बंद करतो.

*

मी व्यसनातून बाहेर पडलेला माणूस आहे, म्हणून एक वेगळी गोष्ट लिहितो. नशा घेण्याची क्रिया या चित्रपटात दोन-चार सेकंदांत उरकते : लायटर, उकळणारा द्रव, सुईचा दट्ट्या, विस्फारणारी बाहुली. प्रेक्षकांना हे किळसवाणे वाटते असे ऐकतो. माझ्या शरीराने मात्र तो क्रम ओळखला, तोंड कोरडे पडले आणि काही क्षण मला फक्त तेच हवे होते. त्यामुळे ‘व्यसनमुक्ती केंद्रात दाखवावा असा चित्रपट’ ही शिफारस कृपया कुणी करू नये. नुकत्याच सोडलेल्या माणसाला शेवटच्या दृश्यातली शिक्षा दिसत नाही, पहिल्या दृश्यातली सुई दिसते.

तरीही हा चित्रपट मला खोटा वाटला नाही. साराच्या गोळ्याही त्याच झटपट तुकड्यांत दाखवल्या आहेत, आणि हे साम्य ज्याच्या लक्षात आले त्याला व्यसन म्हणजे काय ते कळलेले आहे. सेल्बी स्वतः क्षयरोगाच्या उपचारांमधून वेदनाशामकांच्या आणि पुढे हेरॉइनच्या आहारी गेले होते. टायरोनची खिल्ली उडवत हसणारा तुरुंगातला पहारेकरी तेच आहेत. हे कळल्यावर तो प्रसंग मी पुन्हा लावून पाहिला. बाकीचा चित्रपट नाही.

*

शेवटच्या भागावरचा वरील आक्षेप मॅरियनच्या प्रसंगापुरता मला मान्य आहे; तेथे कॅमेरा तिच्या बाजूने आहे की जमलेल्या पुरुषांच्या, हे मला अजून ठरवता आलेले नाही. वरच्या अनुभवाबद्दल मात्र एक विचारायचे आहे, उत्तर द्यावेसे वाटले तरच द्यावे. माझा धाकटा भाऊ चार महिन्यांपासून व्यसनापासून दूर आहे आणि त्याला हा चित्रपट माझ्यासोबत पाहायचा आहे. कादंबरी हाती दिली, तर ती तुलनेने सुरक्षित ठरेल का?