एकट्याने फिरताना मुक्काम कुठल्या वस्तीत केलात? अनुभव लिहा

मागच्या डिसेंबरात कोलकात्याला एकटी आठ दिवस राहून आले. खोली ठरवायला तासभर लागला असेल. त्याआधी कुठल्या भागात राहायचं, हे ठरवण्यात मात्र तीन आठवडे गेले. नकाशावर सगळंच जवळ दिसतं आणि जो तो आपापल्या भागाची शिफारस करतो.

पहिल्या तीन रात्री सदर स्ट्रीटजवळ राहिले. इंडियन म्युझियम दोन मिनिटांवर, न्यू मार्केट पाठीमागे, पार्क स्ट्रीटचं मेट्रो स्टेशन चालत जाण्यासारखं. दिवसा याहून सोयीची जागा नाही. पण रात्री परतताना दर दहा पावलांवर कुणीतरी हाक मारायचं. पैसे बदलून हवेत का, टॅक्सी हवी का, खोली हवी का. कुणी त्रास दिला नाही, हे स्पष्ट लिहिते. तरी तीन रात्री मान खाली घालून भरभर चालत खोली गाठली आणि संध्याकाळी बाहेर पडायचा उत्साहच मावळला.

चौथ्या दिवशी बॅग उचलून गरियाहाटला गेले. एका जुन्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. इथून म्युझियम लांब. रासबिहारी अ‍ॅव्हेन्यूवरून शेअर ऑटोने कालीघाट स्टेशन, तिथून मेट्रोने पाच स्टेशनं. पण रात्री साडेनऊला परतायचे तेव्हा साड्यांच्या दुकानांत दिवे असायचे, बायका पिशव्या सांभाळत घरी निघालेल्या असायच्या, कोपऱ्यावर एग रोलचा तवा तापलेला असायचा आणि घरांच्या ओट्यांवर म्हाताऱ्यांचा अड्डा जमलेला असायचा. तिथे ओट्याला ‘रॉक’ म्हणतात. माझ्याकडे कुणी वळूनही पाहत नव्हतं, आणि मला नेमकं तेच हवं होतं. सकाळी रवींद्र सरोवराला चक्कर मारायचे. तिसऱ्या दिवशी चहावाला ‘दीदी, चिनी कम?’ म्हणून स्वतःच विचारायला लागला.

तेव्हापासून मी वस्ती निवडताना स्टेशनपासून खोलीपर्यंतची शेवटची पाचशे पावलं रात्री नऊला कशी असतील, हे आधी बघते. प्रेक्षणीय स्थळांचं अंतर त्यानंतर.

तुमचे अनुभव हवे आहेत. हॉटेलांची नावं नकोत. वस्ती, तिथवर पोचायचा रस्ता, रात्रीचं वातावरण आणि राहून झाल्यावर काय वाटलं, ते लिहा. चुकलेली निवडही लिहा, तिचाच जास्त उपयोग होतो.

* * *

चांगला विषय काढलास. मी सांगलीची, निवृत्त शिक्षिका, वय ६७. काशीबद्दल लिहिते.

२०११ साली यात्रा कंपनीबरोबर गेले होते तेव्हा कॅन्टोन्मेंट भागात उतरवलं होतं. रस्ते रुंद, हॉटेलला लिफ्ट, जेवण वेळेवर. पण गंगा बघायची तर बसमध्ये बसा, गर्दीत अडका, पुढे चाला. चार दिवसांत घाटावर मी दोनदा गेले, तेही घड्याळाकडे बघत. काशीला जाऊन काशीत राहिलेच नाही, अशी रुखरुख मनात राहिली.

२०२२ मध्ये एकटीच गेले. ठरवूनच ब्रह्माघाटाजवळ खोली घेतली. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा घाट या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत. पहिल्याच संध्याकाळी गल्लीत एका बाईंनी माझं नऊवारी बघून ‘कुठल्या आपण?’ असं मराठीत विचारलं, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. अहिल्याबाईंनी विश्वनाथाचं मंदिर उभारलं, भोसल्यांचा घाट, शिंद्यांचा घाट, हे सगळं मी वर्गात शिकवलं होतं. इथे ते रोज पायाखालून जात होतं.

पण मुलांनो, त्या पायऱ्या! पंचगंगा घाटाची चढण उभी आहे. गल्लीत रिक्षा येत नाही. मैदागिनला उतरायचं आणि सामान घेऊन चालायचं. गाय आडवी आली की भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. दुसऱ्या रात्री उजवा गुडघा सुजला. घरमालकीणबाईंनी तेल गरम करून दिलं आणि म्हणाल्या, काकू, तुम्ही अस्सीला जा, इथे रोज यायचं तेव्हा नावेनं या.

अस्सी घाट दक्षिणेच्या टोकाला आहे. ई-रिक्षा घाटाच्या जवळपर्यंत येते. पहाटे ‘सुबह-ए-बनारस’ची आरती आणि गाणं असतं, ते बघायला खोलीतून दोन मिनिटांत जाता येतं. दशाश्वमेधच्या आरतीला मुंगीला वाट मिळत नाही, इथे बसायला पायरी मिळते. जवळच भदैनीला राणी लक्ष्मीबाईंचं जन्मस्थान आहे. आणि माझ्या वयाच्या माणसाला महत्त्वाचं म्हणजे बीएचयूचं (बनारस हिंदू विद्यापीठाचं) मोठं रुग्णालय हाकेच्या अंतरावर आणि लंका भागात रांगेनं औषधांची दुकानं. सकाळी घाटाघाटानं चालत दशाश्वमेधपर्यंत जायचे. माझ्या चालीनं तास लागायचा, वाटेत बसत बसत.

एक लक्षात ठेवा. पावसाळ्यात गंगा चढली की खालच्या पायऱ्या बुडतात आणि एका घाटावरून दुसऱ्यावर चालत जाता येत नाही. नावाही बंद ठेवतात. म्हणजे हिवाळ्यात जी वस्ती सोयीची, ती श्रावणात सोयीची असेलच असं नाही.

* * *

दिल्लीबद्दल थोडक्यात. विमानतळावरून एअरपोर्ट एक्स्प्रेस मेट्रो नवी दिल्ली स्टेशनला आणून सोडते म्हणून पहाडगंजला राहिलो. स्वस्त आहे, सोयीचं आहे. पण स्टेशनबाहेर पहिल्याच माणसानं सांगितलं, ‘भाईसाब, वो होटल तो बंद हो गया.’ मी तिथेच उभं राहून हॉटेलला फोन लावला. उघडं होतं. नवीन माणूस रात्री अकराला उतरणार असेल तर त्यानं निदान पहिली रात्र तरी अशा ठिकाणी काढू नये. ताजेतवाने असताना जे सहज निभावतं, ते चौदा तासांच्या प्रवासानंतर जड जातं.

* * *

मी नाशिकचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये इस्तंबूलला नऊ दिवस एकटा होतो. सगळ्यांसारखं आधी सुलतानअहमेत ठरवलं होतं. हाया सोफिया, निळी मशीद, सगळं तिथेच. मग लक्षात आलं की माझं विमान सबिहा गोकचेनला उतरतंय. तो विमानतळ आशियाई बाजूला आहे आणि २०२२ पासून तिथून थेट कादिकोयपर्यंत मेट्रो आहे. म्हणून पहिले सात दिवस कादिकोयला राहायचं ठरवलं.

कादिकोय हा राहत्या लोकांचा भाग आहे. मासळीबाजार, लोणच्यांच्या बरण्यांची दुकानं, कॉलेजची पोरं, चौकातला बैलाचा पुतळा. भेटायचं ठरलं की तिथे सगळे ‘बैलापाशी’ म्हणतात. मी शाकाहारी. मसुराचं सूप, सिमित (तीळ लावलेला कड्यासारखा पाव) आणि गोझलेमे (सारण भरलेली पातळ पोळी) यांवर आठवडा आरामात गेला. रोज सकाळी फेरी बोटीने समोरच्या युरोपीय बाजूला, एमिनोन्यूला जायचो, वीसेक मिनिटं लागतात. चहाचा छोटा पेला हातात, सीगल मागे, समोर मशिदींचे मनोरे. दर्शनी भागात राहिलो असतो तर हा रोजचा प्रवास मिळालाच नसता. रात्री उशिरा बोटी विरळ होतात. तेव्हा सामुद्रधुनीखालून जाणारी मारमराय रेल्वे उपयोगी पडली.

शेवटच्या दोन रात्री सुलतानअहमेतला काढल्या त्या फक्त पहाटेसाठी. सहल कंपन्यांच्या बस यायच्या आधी त्या चौकात मी, दोन मांजरं आणि एक झाडूवाला एवढेच होतो. आठ वाजल्यानंतर मात्र गालिचेवाल्यांशी बोलल्याशिवाय रस्ता ओलांडता येत नव्हता.

एकट्या पुरुषांसाठी एक सूचना. तक्सीमच्या बाजूला रात्री एक गृहस्थ फार आपुलकीनं बोलायला लागले, मग ‘चल, एक बिअर घेऊ’. मी आधी वाचलं होतं, एकट्या माणसाला बारमध्ये नेऊन भरमसाट बिल लावतात. हात जोडून निघालो. आणि गलाता भागात खोली बघत असाल तर तिथल्या रस्त्यांचे फोटो नीट बघा. नकाशावर चढ दिसत नाही. चाकांची बॅग त्या दगडी चढावर ओढणाऱ्या लोकांचे चेहरे मी पाहिलेत.

* * *

माझा अनुभव मुंबईचा. मी लातूरची. नोकरीच्या मुलाखतीसाठी गेल्या वर्षी चार वेळा मुंबईला एकटी गेले. पहिल्या वेळी एका मोठ्या स्टेशनजवळच्या लॉजमध्ये ऑनलाइन पैसे भरून खोली घेतली होती. रात्री आठला पोचले तर काउंटरवरच्या माणसानं सांगितलं, ‘एकट्या मुलीला देत नाही.’ पैसे भरल्याचा निरोप दाखवला, उपयोग झाला नाही. रस्त्यावर बॅग घेऊन उभी राहिले तेव्हा जे वाटलं, ते अजून विसरले नाही. त्या रस्त्यावर एकही बाई दिसत नव्हती, सगळी दुकानं हार्डवेअरची आणि शटर खाली.

मैत्रिणीच्या मावशीनं फोनवरून माटुंग्याचा एक पत्ता दिला. तेव्हापासून दर वेळी तिकडेच उतरते. मध्य रेल्वेचं माटुंगा स्टेशन २०१७ पासून पूर्णपणे महिला कर्मचारी चालवतात. उशिराच्या गाडीनं उतरले तरी फलाटावर मनाला आधार वाटतो. किंग्ज सर्कलच्या बाजूला सकाळी लवकर इडली आणि फिल्टर कॉफी मिळते, म्हणजे नऊच्या मुलाखतीला उपाशी जावं लागत नाही. फाइव्ह गार्डन्सला संध्याकाळी आज्या घोळक्यानं फिरतात. पश्चिम रेल्वेनं जायचं तर दादर एका स्टेशनावर आहे. जागा लहान आणि भाडं थोडं जास्त, ते मी दुसऱ्या खर्चात वाचवते.

आता बुकिंगच्या आधी स्वतः फोन करते. तीन गोष्टी विचारते: मी एकटी येणार आहे, चालेल ना? रात्री दहाला पोचले तर काउंटरवर कोण असेल? ओळखपत्र कुठलं लागेल? बऱ्याच ठिकाणी त्याच शहराचं आधार कार्ड असेल तर खोली देत नाहीत, हेही मुलींनी लक्षात ठेवावं.

* * *

लातूरच्या ताईंचं वाचून फार वाईट वाटलं. तुम्ही हे लिहिलंत, बरं केलंत.

मी पणजीतच राहतो. गोव्यात एकट्यानं येणारे बहुतेक जण समुद्राला लागून खोली बघतात आणि दुचाकी चालवता येत नसेल तर तिथेच अडकतात. मुख्य रस्त्यावर बस येते, पण तिथून किनाऱ्यापर्यंतचा दीड-दोन किलोमीटरचा रस्ता रात्री काळोखाचा. आठनंतर बसगाड्या भराभर कमी होतात. दुचाकी चालवत नसाल तर सरळ पणजीत राहा. पाटोच्या बसस्टँडवरून जुनं गोवं, म्हापसा, मडगाव, सगळीकडे बस मिळते. बेतीच्या फेरीबोटीला चालत येणाऱ्याला तिकीट नाही, संध्याकाळी मांडवी पार करून परत या. फोंतेनस या पणजीतल्या जुन्या वस्तीत खोली मिळाली तर उत्तमच, ओढ्यावरचा पूल ओलांडला की बसस्टँड. फक्त ती माणसांची राहती घरं आहेत. त्यांच्या पायरीवर बसून फोटो काढू नका, ही आमची कळकळीची विनंती.

* * *

टोकियो. ऑफिसच्या कामानंतर सहा दिवस सुट्टी जोडून घेतली होती. मी पुण्याची, पहिलाच एकटीचा परदेश प्रवास. सहकारी म्हणाले, निशी-कासाईला राहा, आपली माणसं आहेत. बहिणीचं म्हणणं होतं शिंजुकू. पण शिंजुकू स्टेशनला दोनशेहून जास्त दारं आहेत. चुकीच्या दारानं बाहेर पडलं की अर्धा तास गेला.

मी उएनोच्या बाजूला, ओकाचिमाचीजवळ राहिले. नारिता विमानतळावरून स्कायलायनर पाऊण तासाच्या आत उएनोला आणते, गाडी बदलावी लागत नाही. यामानोते ही वर्तुळाकार लाइन दाराशी. ओकाचिमाचीत जडजवाहिरांच्या व्यापारातली भारतीय मंडळी आहेत, त्यामुळे शाकाहारी आणि जैन जेवणही मिळतं. दिवसभर कोबीचं सॅलड खाऊन संध्याकाळी डाळभात समोर आला की बरं वाटतं. खोली मात्र इतकी लहान की बॅग उघडली की चालायला जागा नाही. मध्यरात्रीच्या सुमारास गाड्या बंद होतात त्या पहाटे पाचपर्यंत, म्हणून मी अकरापर्यंत परतायचे. उएनोच्या शिनोबाझु तळ्याच्या दक्षिणेकडच्या काही गल्ल्यांत रात्री बारवाले हाका मारतात. मी एक रस्ता सोडून पलीकडच्या रस्त्यानं जायचे, एवढंच.

एका संध्याकाळी निशी-कासाईला जाऊन आले. बागेत मुलं झोपाळ्यावरून मराठीत भांडत होती. मूळचे मराठी असलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये, निशी-कासाई ज्यात येतं त्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले होते. महिनाभर राहायचं असतं तर मी तिथेच राहिले असते. सहा दिवसांसाठी मला टोकियोच हवं होतं.

* * *

धागा काढणारी मी पुन्हा आलेय. काकू, तुमचं वाचून फेब्रुवारीत काशीला जायचं पक्कं केलंय, सात रात्री. गुडघे ठीक आहेत. ब्रह्माघाटाला राहायची फार इच्छा आहे, पण रात्री त्या गल्ल्यांतून एकटीनं परतायला जमेल का, एवढीच शंका आहे.

* * *

गुडघे धड आहेत तर ब्रह्माघाटालाच राहा. महाशिवरात्र कोणत्या तारखेला येते ते बघून जा, त्या दिवसांत मैदागिनपासून गोदौलियापर्यंतचा रस्ता वाहनांना बंद करतात. पहिल्या दिवशी दिवसाउजेडी पोच. मैदागिन ते खोली ही वाट सामान ठेवून दोनदा चालून ये, कुठे देऊळ आहे, कुठे दुधाचं दुकान आहे ते ध्यानात ठेव. दूधवाल्याकडून रोज लोटाभर दूध घे. तिसऱ्या दिवसापासून रात्री उशीर झाला तर तोच विचारेल, आज देर हो गयी बिटिया.